अंबरचा वारसा कोण चालवतो?

दौलताबादहून वेरूळला निघालेली सहलीची बस खुलताबादला थांबते ती औरंगजेबाच्या कबरीपाशी. पहिला निजाम आसफजाहही जवळच, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात आहे. मलिक अंबरचा घुमट मात्र गावाच्या वायव्येला, जरा आडबाजूला. तिकडे वाट वाकडी करणारे थोडेच.

◆

अंबर राजा नव्हता. जन्म इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. त्याला विकत घेणारा चंगीझखान अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, आणि तोही हबशीच. पुढे त्याच पदावर अंबर बसला. १६२४ साली भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांना एकत्रच धूळ चारली. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. मकबरा हयातीतच बांधून घेतला होता, असं सांगतात.

◆

कबरीची निगा पिढ्यान्‌पिढ्या कशी राखतात, ते आफ्रिकेतच पाहावं. युगांडात कंपालाला कासुबीची टेकडी आहे. बुगांडाचे चार राजे तिथे एकाच भल्यामोठ्या गवती घुमटाखाली पुरलेले. शाकारणीचं काम ठरावीक कुळाकडे, वंशपरंपरेने. २००१ मध्ये जागतिक वारशात नोंद झाली, २०१० मध्ये हे मुख्य घर आगीत गेलं. लोकांनी ते पुन्हा उभारलं. २०२३ मध्ये धोक्यातल्या वारशाच्या यादीतून नाव निघालं.

गवताचं छप्पर माणसांना सुट्टी देत नाही. दगडी घुमट चारशे वर्षं आपला आपण उभा राहतो, आणि म्हणूनच विसरला जातो.

◆

मुरुडजवळ खोकरीला जंजिऱ्याच्या हबशी सिद्दींचे तीन मकबरे आहेत; सगळ्यांत मोठा सुरूलखानाचा. सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. तरी पर्यटकांची झुंबड किल्ल्याच्या होड्यांवर, खोकरीला नाही. तेव्हा राजघराणं लाभलं की कबरीला माणसं लाभतात, असंही नाही.

◆

अंबरला तर तेही लाभलं नाही. मुलगा फत्तेखान याने अंबरने वसवलेल्या खडकीचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, फत्तेनगर केलं. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या हवाली केला. सत्ता संपली, कबरीचं बघणारं कूळ उरलं नाही.

◆

उरलं ते शहर. खडकी १६१० ची, भडकल दरवाजा १६१२ चा, मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. आज त्याच्यापाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. एके काळी बाजारात विकल्या गेलेल्या माणसाने बांधलेली ही वेस, हे त्या गर्दीला कुणीतरी सांगायला हवं.

◆

आणि अंबरची नहर. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलेलं. आता नळाला रोज पाणी न येणाऱ्या या गावात तिचं नाव अजून आदराने घेतलं जातं.

◆

कासुबीकडून घ्यायची ती कामाची वाटणी. शाळांनी भडकल दरवाजा, नहर आणि मकबरा अशी एक दिवसाची सहल काढावी. नहरीवर काम केलेल्या अभियंत्यांनी पोरांना उताराचं गणित समजावावं. खुलताबादच्या वाटाड्यांनी औरंगजेबाच्या पुढे आणखी एक थांबा घ्यावा. ज्याचं घराणं उरलं नाही, त्याची उस्तवार गावानेच करायची असते.