दुसरेपण

आमच्या घरात सध्या दोन माणसांना एकच दुखणं आहे. एक मी आणि दुसरा माझा पुतण्या. माझं वय सदुसष्ट, त्याचं सव्वीस. मला साखर आहे, त्याला केस आहेत. एरवी आमच्यात साम्य म्हणून काही नाही, पण दुखणं मात्र तंतोतंत एक. माझं दुसरं पुस्तक होत नाही आणि त्याचा दुसरा अल्बम होत नाही.

माझ्या पहिल्या पुस्तकाविषयी आपण काही ऐकलं नसेल तर त्यात आपला दोष नाही. प्रकाशकांनीही ते कसोशीनं गुप्त ठेवलं होतं. पस्तीस वर्षं बँकेच्या खिडकीआड बसून जेवढी म्हणून विचित्र माणसं पाहिली, तेवढी सगळी मी २०१४ साली त्या एका पुस्तकात कोंबली. एका दिवाळी अंकात त्यावर चार ओळी छापून आल्या. पहिल्या तीन चांगल्या होत्या. चौथी होती : ‘लेखकाकडून आता अपेक्षा वाढल्या आहेत.’ त्या चौथ्या ओळीनं घात केला. तोवर माझ्याकडून कोणाचीच कसली अपेक्षा नव्हती. सौ.ची तर लग्नानंतर वर्षभरातच संपली होती.

सुरुवातीला दर दिवाळीनंतर प्रकाशकांचा फोन यायचा, “काय, दुसरं कधी?” मी सांगायचो, “चाललंय.” पुढंपुढं त्यांचा नंबर दिसला की मी फोन सौ.कडे देऊन न्हाणीघरात जायचो. गेली दोन वर्षं फोनच आलेला नाही. तेव्हापासून मला झोप लागत नाही. टाळायला कोणी उरलं नाही म्हणजे माणूस फार एकटा पडतो.

आता पुतण्याचं सांगतो. हा माझ्या सोलापूरच्या धाकट्या भावाचा मुलगा. नोकरीसाठी पुण्याला आला तो आमच्या मागल्या खोलीत राहिला. येताना एक ट्रंक, सहा सोलापुरी चादरी, शेंगाचटणीचा डबा आणि एक गिटार घेऊन आला. चटणी आठवड्यात संपली. गिटार अजून वाजते आहे. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, “काका, आमचा इंडी बँड आहे.”

मी सोलापूरचा माणूस. विजापूरच्या गाडीत बसलं की वाटेत इंडी रोड स्टेशन लागतं, एवढी माझी त्या शब्दाशी ओळख. तिथली लिंबं नामांकित. मी कौतुकानं म्हणालो, “अरे वा! इंडीची पोरं का सगळी?” तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “इंडी म्हणजे इंडिपेंडंट, काका. मोठ्या कंपनीच्या जिवावर नाही, आपलं आपण करायचं.” म्हणजे स्वखर्चानं पुस्तक काढतात तसंच हे. माझी आस्था एकदम वाढली.

या चौघांचा पहिला अल्बम २०२२ साली निघाला. मी ऐकला होता. मला त्यातलं फक्त ‘आता संपलं’ हे कळलं होतं, तेही गाणं थांबलं म्हणून. पण तरुण मंडळींना तो आवडला. होस्टेलची खानावळ, बापाची स्कूटर, सोडून गेलेली मुलगी, असं बावीस वर्षांचं सगळं आयुष्य त्यात आलं होतं. खरी पंचाईत तिथंच आहे. पहिल्या खेपेला माणूस जन्मापासूनची शिल्लक काढून खर्च करतो. दुसऱ्या खेपेला पासबुक उघडावं, तर किमान शिल्लकसुद्धा नाही! मी बँकेतला माणूस, मला हे लगेच कळलं.

एका रविवारी मी त्याला सहज विचारलं, “काय रे, दुसरा कधी?” तोंडातून शब्द गेले आणि माझी जीभ मीच चावली. हुबेहूब प्रकाशकांचा आवाज! पुतण्याही हुबेहूब माझ्यासारखं म्हणाला, “चाललंय.” मग वर, “काका, स्टोन रोझेसना साडेपाच वर्षं लागली.”

हे स्टोन रोझेस मँचेस्टरचे. त्यांचा पहिला अल्बम मे १९८९ मधला. पुढच्याच वर्षी, मे १९९० मध्ये, स्पाइक आयलंड नावाच्या जागी त्यांनी कार्यक्रम केला, तर सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणूस लोटला. आता दुसरा अल्बम आज येतो की उद्या, असं झालं. तो आला डिसेंबर १९९४ मध्ये. मधल्या काळात काय केलं म्हणाल, तर आधी कंपनीशी कोर्टकचेरी. १९९१ साली निकाल यांच्या बाजूनं लागला आणि पोरं करारातून मोकळी झाली. कोर्टाचा निकाल दोन वर्षांच्या आत लागतो, हे ऐकून मी स्टोन रोझेसना तिथंच थांबवलं आणि पुतण्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

नवी कंपनी मिळाली, पैसा मिळाला, आणि तिथून खरा घोळ सुरू झाला. पहिला अल्बम ज्या जॉन लेकीनं करून दिला होता, तो दुसऱ्याच्या मध्येच बाहेर पडला. मग दुसरा माणूस आला, मग तिसरा. आमच्या सोसायटीच्या गळक्या टाकीला इतके गवंडी लागले नव्हते. अखेर अल्बम निघाला, त्याचं नाव ‘सेकंड कमिंग’. म्हणजे प्रभूचा पुनरवतार! पाच वर्षं उशीर करून वर अवतार घेतल्याचा आव आणायचा, हे धैर्य मला फार आवडलं. त्यातलं पहिलं गाणं अकरा मिनिटांचं. पैकी पहिली चार मिनिटं आणि वर थोडं, नुसता पाण्याचा आणि रानाचा आवाज. साडेपाच वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी चार मिनिटं थांबवायचं! विलायतेत अल्बम चौथ्या नंबरापर्यंत चढला, पण लोकांचं मन भरलं नाही. १९९५ साली ढोलवाला सोडून गेला, १९९६ साली गिटारवाला गेला आणि त्याच वर्षी दुकान बंद.

“मग यात तुला धीर येण्यासारखं काय आहे?” मी विचारलं.

“तेच शोधतोय,” तो म्हणाला.

या मंडळींनी जिथं ही वर्षं काढली तो रॉकफील्ड स्टुडिओ वेल्समध्ये, मॉनमथजवळ. मुळात दुभत्या गुरांची वाडी. वॉर्ड आडनावाच्या दोन भावांनी गाई राखता राखता तिथं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गवयांच्या राहण्याजेवणाचीही सोय केली. आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फरोख बुलसारा, म्हणजे जगाचा फ्रेडी मर्क्युरी, त्यानंही १९७५ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा बराचसा भाग तिथंच केला. गंमत पुढंच आहे. स्टोन रोझेस तिथून हलले आणि १९९५ साली त्याच वाडीत त्यांच्याच गावचे ओएसिस आले. तेही दुसऱ्या अल्बमसाठी! ही पोरं दिवसाला एक गाणं अशा झपाट्यानं सुटली. मध्ये दोघा भावांचं भांडण झालं आणि थोरल्यानं धाकट्याला क्रिकेटची बॅट हाणली, असं सांगतात. काही दिवस काम बंद. तरी ऑक्टोबरात अल्बम बाजारात हजर, आणि पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांच्या घरात खप.

म्हणजे तीच वाडी, त्याच गाई, तेच गाव. एकाला साडेपाच वर्षं पुरली नाहीत, दुसऱ्याला काही आठवडे बस्स झाले. मी यातून निष्कर्ष काढला की घरात बॅट हवी. सौ.नं निष्कर्ष काढला की मला तेवढाच बहाणा हवा.

सौ. आत शेंगा निवडत सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “यात नवल ते काय? पहिलटकरणीला सगळे जपतात. दुसऱ्या खेपेला डिंकाचे लाडूसुद्धा कोणी वेळेवर करत नाही. म्हणतात, हिला काय, माहीत आहे सगळं! आणि बाईच्या पोटात पहिल्यापेक्षा दुप्पट भीती असते. कारण खरंच माहीत असतं.”

मी आणि पुतण्या दोघंही गप्प झालो. साडेपाच वर्षांची हकीकत तिनं शेंगा निवडता निवडता निकालात काढली होती.

त्याच आठवड्यात एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर पोरगा स्वयंपाकघरात अंधारात बसलेला. म्हणाला, ढोल वाजवणाऱ्याला बेंगळुरूला नोकरी लागली, महिनाअखेर तो चालला. मग जरा थांबून म्हणाला, “काका, पहिला चुकून तर नसेल ना चांगला झाला?”

हे वाक्य मी अकरा-बारा वर्षं कोणाला म्हणून सांगितलं नव्हतं. सौ.लाही नाही. ते ह्यानं असं पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवून दिलं. वडीलधाऱ्या माणसानं अशा वेळी काहीतरी मोलाचं बोलायचं असतं. मी म्हणालो, “मलाही माहीत नाही रे.” मग आम्ही दोघांनी मिळून मला वर्ज्य असलेले चार बेसनाचे लाडू संपवले.

दुसऱ्या दिवसापासून मागल्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू झालं. आवाज घुमू नये म्हणून सहाही सोलापुरी चादरी भिंतींवर चढल्या. दहा ते एक पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर बंद. नऊ दिवस आम्ही सकाळी पोहे आणि दुपारी दोनला वरणभात जेवलो. मला शिंक आली तर मी जिना उतरून खाली जाऊन शिंकत होतो. तिसऱ्या दिवशी ऐन रंगात खालून भाजीवाल्याची आरोळी आली, “कांदेऽऽ बटाटेऽऽ!” मला वाटलं, आता बॅट निघते. पण पोरांनी ती तशीच ठेवली. तिकडं वेल्समध्ये रानाचा आवाज चालतो, तर सदाशिव पेठेत बटाट्याचा का नको?

नऊ दिवसांत आठ गाणी झाली. दहाव्या दिवशी ढोलवाला सौ.च्या पाया पडून बेंगळुरूला गेला. पुतण्यानं माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. पहिली चार गाणी मला नेहमीप्रमाणे कळली नाहीत. पाचवं सुरू झालं. त्यात रात्री अंधारात स्वयंपाकघरात बसलेली दोन माणसं होती, एक म्हातारं, एक तरुण. लाडूसुद्धा होते. मी हेडफोन काढून चष्मा पुसला. सौ.नं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “आवाज फार मोठा आहे.”

अल्बम लोकांना आवडेल की नाही, देव जाणे. पोरगा मात्र त्या रात्री घोरत होता.

मी पेन्शनर. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आधी जिवंत होतो, एवढं सांगून भागत नाही, यंदाही आहे असं दाखवावं लागतं. त्या मागल्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की दुसरं पुस्तक म्हणजे तरी दुसरं काय असतं? मी टेबलाशी बसलो आणि हा लेख लिहिला. मग आपण होऊन प्रकाशकांना फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

“कोण बोलतंय?”

“मी,” मी म्हणालो. “हयातीचा दाखला द्यायचा होता.”