ढगातला धूर कुणाचा?

"साहेब, तुमच्या तिकडचा धूर आमच्या ढगात येतो का?"

2018च्या पावसाळ्यात सोलापूरजवळच्या एका वयस्कर शेतकऱ्यानं मला हा प्रश्न विचारला. तो अजून मला सोडत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची 'कायपीक्स' मोहीम तेव्हा सोलापुरात होती. विमानातून ढग आणि हवेतले सूक्ष्म कण मोजण्याचं हे काम 2009 पासूनचं. सोलापुरात दोन विमानं होती. एक ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडणारं, दुसरं मोजणारं. मी मोजणाऱ्या विमानातली उपकरणं सांभाळणाऱ्या गटात होतो. गाव वसईतलं निर्मळ.

चहाच्या टपरीवर त्या आजोबांनी आधी सरळ आरोपच केला. "ढग पळवायला आलाय व्हय तुम्ही?" मी म्हटलं, आजोबा, पळवत नाही, आत काय आहे ते मोजतो. मग त्यांनी गाव विचारलं. वसई म्हटल्यावर म्हणाले, "तिकडं तर माणसं बुडाल्यात. टीव्हीवर दाखवत्यात." खरंच होतं. त्याच जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले होते, मिठागरांत शेकडो माणसं अडकली होती. घरी फोन केला की आई वाडीत साचलेल्या पाण्याचं सांगायची आणि इकडे माझ्यासमोर तूर माना टाकत होती.

मी त्यांना समजावून सांगितलं. ढगाचा प्रत्येक थेंब एखाद्या कणावर धरतो. समुद्रावरच्या स्वच्छ हवेत असे कण थोडे, त्यामुळे थेंब मोठे होतात आणि ढग लवकर बरसतो. धूर मिसळला की कण फार होतात. तेवढीच वाफ हजारांत वाटली जाते आणि थेंब बारीक राहतात. थेंबाची त्रिज्या साधारण 12 ते 14 मायक्रॉनपर्यंत पोचली नाही तर ते एकमेकांत मिसळून पाऊस होत नाही. मग ढगाला आणखी उंच चढावं लागतं. पर्जन्यछायेतल्या ढगाला तेवढं बळ नसतं, तो वरच विरतो. पंखाखालची लेसर उपकरणं हेच दाखवत होती. ढगाच्या तळाशी कणांची संख्या चढलेली, वर थेंब खुरटलेले.

त्यावर आजोबांनी तो प्रश्न विचारला.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तो वसईवरून, मुंबईवरून सह्याद्री ओलांडतो. आमच्याकडे वालीव-सातिवलीचे कारखाने, महामार्गावरचे ट्रक आणि 2011च्या जनगणनेतच 12 लाखांवर गेलेली वस्ती. म्हणून मी "येत असेल" म्हणालो. लगेच "पण कोकणातला पाऊस बराच धूर धुऊन काढतो" असंही म्हणालो. दोन्ही खरं आहे. पावसाची उघडीप असली की धुणारं कुणी नसतं, आणि सोलापूरला कोरड पडते तीही बहुधा त्याच दिवसांत. उपकरण कणाचा आकार सांगतं, संख्या सांगतं. कण रासायनिक तपासणीला दिला, वाऱ्याचा माग मागे काढला, तर दिशा कळते. कुठल्या चिमणीतून निघाला ते कळत नाही. ज्याचं पीक जळतं त्याला दाद मागायला समोर कुणीच सापडत नाही. हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही.

पुढे 2019 मध्ये आणखी एक गोष्ट वाचली. 2017 मध्ये काठमांडूहून 'जिओफिजिका' हे संशोधन विमान मान्सूनच्या वरच्या हवेत सुमारे 20 किलोमीटरपर्यंत चढलं होतं. तिथल्या कणांत अमोनियम नायट्रेट सापडलं. त्यातला अमोनिया मुख्यतः शेतीतला, खतांचा आणि जनावरांचा. मान्सूनचे ढग तो थेट वर खेचून नेतात. वाचून आधी बरं वाटलं, म्हणजे दोष एकट्या शहरांचा नाही. थोड्या वेळानं त्या बरं वाटण्याचाच राग आला. युरियाचं पोतं टाकणारा शेतकरी आणि रात्री गुपचूप धूर सोडणारा कारखानदार, दोघांना एका मापानं कसं मोजायचं?

आमच्या मोहिमेचं क्षेत्र सोलापूरभोवतीचं, त्यामुळे वसईवर कधी जाता आलं नाही. तसंही मुंबईच्या आकाशात प्रवासी विमानांची इतकी दाटी असते की तिथे घिरट्या घालत मोजमाप करायला परवानगी मिळणं कठीण. म्हणजे वारा डोंगर चढण्याआधी त्यात काय होतं, तोच हिशेब अपुरा राहतो.

यावर उपाय आहे. युरोपीय संशोधक 1994 पासून प्रवासी विमानांवर ओझोन मोजणारी उपकरणं बसवत आले आहेत. हैदराबादच्या हवेचा उभा आलेख त्यातूनच मिळाला. लुफ्थान्साच्या एका विमानाच्या मालकक्षात सुमारे दीड टनाची अख्खी प्रयोगशाळा असायची. 2008 मध्ये ते फ्रँकफर्टहून चेन्नईला येत असताना मान्सूनच्या वरच्या हवेत मिथेन वाढलेला आढळला.

मुंबईला उतरणारी किती विमानं वसईकरांच्या डोक्यावरून जातात! त्यांतल्या दोन-चार भारतीय विमानांवर अशी उपकरणं बसवा आणि आकडे सगळ्यांना खुले करा. ही मागणी वसई-विरारकरांनी करायला हवी, सोलापूरकरांनी नव्हे. धूर आपल्याकडून निघतो.