पार्सल कोणाचं?

आपल्या घरात वाढदिवसाची ताटं भरलेली आहेत, मुलं खायला बसली आहेत, आणि त्यातल्या एका मुलाच्या आईने त्याच्यापुरतं खाणं परस्पर हॉटेलातून आपल्याच पत्त्यावर मागवलं, असं कुणाच्या बाबतीत झालंय का? माझ्या झालंय. बरं, मागवलं काय, तर चीज बर्गर आणि फ्राइज. आणि ताटात काय होतं? चीज बर्गर आणि फ्राइज.

थोडक्यात सांगतो. लेकीचा नववा वाढदिवस, जुलै महिना, सिंहगड रस्त्यावर नेहमीचा पाऊस आणि नेहमीची कोंडी. बायको बँकेत, मी घरून हिशेबाची कामं करतो, त्यामुळे स्वयंपाकघर बहुतेक माझ्याच ताब्यात. मेनू लेकीने ठरवला. आमच्या पिढीला बर्गर म्हटलं की कॅम्पातलं ते बर्गर किंग आठवतं, ज्याच्यावर त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला आणि २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला. (पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पण पुणेकराला पहिला निकाल पुरतो.) लेकीला यातलं काही ठाऊक नाही. तिला चीज कडेने ओघळलेलं हवं होतं आणि फ्राइज कुरकुरीत.

कुरकुरीत म्हणायला काय जातं! जुलैत आपल्याकडे मिळणारा बटाटा बहुतेक शीतगृहातला, आग्र्याचा नाहीतर इंदूरचा. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. रस्सा केला तर कळतही नाही, पण तळायला घ्या, आतून शिजायच्या आधी बाहेरून तपकिरी होतो आणि कडसर लागतो. म्हणून तर वेफर्सच्या कंपन्या कमी साखरेची वाणं मुद्दाम लावून घेतात. आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर असा बटाटा होतो, पण तो खरिपाचा. जुलैत तो नुकता कुठे मातीत गेलेला असतो. तेव्हा मिळेल तो बटाटा घेऊन त्याच्यावर मेहनत करण्याला पर्याय नव्हता.

ती मेहनत अशी. बोटभर जाडीचे तुकडे पाण्याचा पांढरटपणा जाईपर्यंत धुवायचे. मग मीठ आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळायचे. आंबटपणामुळे बटाट्यातलं पेक्टिन चटकन विरघळत नाही, त्यामुळे तुकडा शिजतो पण मोडत नाही. मग जुन्या पंच्यावर पसरून पंख्याखाली. पावसाळ्यात हे काम काही केल्या संपत नाही. कोरडे झाले की १६० अंशांच्या आसपास, रंग येऊ न देता, एकदा तळायचे. गार करून फ्रीझरमध्ये टाकायचे. मुलं हात धुवून बसली की १९० अंशांना दुसऱ्यांदा. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत वरचं कवच बनतं. सकाळपासून मी यातच होतो.

टिक्क्या दोन प्रकारच्या: बटाटा-मटारच्या, पाणी शोषायला पोह्यांचा चुरा घालून, आणि चिकन खिम्याच्या. नुसत्या छातीच्या मांसाचा खिमा कोरडा पडतो म्हणून तंगडीचंही मांस घालून घेतलं होतं. मीठ शेवटी, मधोमध अंगठ्याने खळगा, एवढंच. चीजबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तिथे लोक उगाच नाक मुरडतात. मुरलेलं भारी चेडार तव्यावर तापलं की तूप एकीकडे आणि गोळा दुसरीकडे. साधा प्रोसेस्ड स्लाइस एकजीव वितळतो, कारण त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. पाकिटावर ३३१ असा आकडा दिसतो तो त्याचाच. ही युक्ती स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली निघाली. त्यांच्यासारख्या चीजवाल्यांना चालतं, आपल्याला चालत नाही! स्लाइस टिक्कीवर ठेवायचा, शेजारी तव्यावर चमचाभर पाणी सोडायचं आणि झाकण घालायचं. अर्ध्या मिनिटात काम होतं.

तर पहिला घाणा ताटात पडला आणि बेल वाजली. दारात रेनकोटमधला मुलगा, हातात कागदी पिशवी. मी म्हटलं, "आम्ही काही मागवलेलं नाही." त्याने मोबाइल दाखवला. पत्ता आमचा, फ्लॅट आमचा, नाव आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्या पोराचं. पैसे भरलेले.

मी त्या बाईंना फोन लावला. मला खरंच वाटलं होतं की काहीतरी चूक झाली असेल. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, राग मानू नका हं. तो घरचा बर्गर खात नाही. आणि वहिनी ऑफिसात, तुम्ही एकटेच करताय म्हटल्यावर वाटलं, तुमच्या मागे अजून एकाची कटकट नको."

आता यातलं नेमकं काय लागलं, ते मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. मुलाला एखादा पदार्थ बाधत असेल तर आईने दहादा सांगावं, डबा द्यावा, मी तो गरम करून वाढेन. तसं काही नव्हतं, मी विचारलं. आदल्या दिवशी मी सगळ्या पालकांना मेनू कळवला होता. त्यावर याच बाईंनी टाळ्यांचं चिन्ह टाकलं होतं. म्हणजे टाळ्या आदल्या दिवशी आणि पार्सल दुसऱ्या दिवशी! आणि मी एकटाच करतोय ही अडचण कधीपासून झाली? माझी बायको एकटी करत असती तर कुणी पार्सल पाठवलं असतं का? लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा उघडून बसण्यासारखंच हे, आणि तिथे निदान डबा घरचा तरी असतो. पुरुषाने चहा केला तरी लोक कौतुक करतात, याचा मला पूर्वी राग यायचा. कौतुकाच्या आत हा अविश्वास असतो, हे तेव्हा कळलं नव्हतं.

पुढचं आणखी वाईट. पिशवी उघडली. पावसातून, कोंडीतून आलेल्या फ्राइजचं जे व्हायचं तेच झालं होतं: कोंडलेल्या वाफेने त्या मऊ पडल्या होत्या. माझ्या ताटातल्या चावताना आवाज येत होता, तो मी स्वतः ऐकला. तरी सगळी मुलं त्या लाल-पिवळ्या खोक्याभोवती गोळा झाली. "मला एक दे ना." "मलापण." आणि त्यात माझी लेक, जिचा वाढदिवस, जिच्या फर्माइशीवर मी सकाळपासून उभा! ते पोर बिचारं उदारपणे वाटत होतं. त्याचा काय दोष?

मुलांच्या वाढदिवसाला घरी काही करू नये, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे. केक आणा, समोसे आणा, मोकळे व्हा. चव ही मुलांना खोक्याच्या रंगासकट कळते, त्याच्याशी आपण दोनदा तळून स्पर्धा करू शकत नाही.

रात्री आवरताना त्या पिशवीत अर्धा बर्गर उरलेला सापडला. गार, चीजचा चामट तुकडा झालेला. मी तो ओट्याशी उभ्याने खाल्ला. सॉस चांगला होता, खोटं कशाला बोला. लोणच्याच्या काकडीचा बारीक चुरा आणि थोडी मोहरी असावी. पुढच्या वेळी मी तसाच केला आणि बायकोला तो आवडला. हो, पुढच्या वेळी म्हणजे लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला. ठाम मताचं काय झालं ते विचारू नका. ते पोरही आलं होतं, खाल्लं त्याने, मागून घेतलं असंही नाही आणि टाकलं असंही नाही.

दोन दिवसांनी जिन्यात त्याची आई भेटली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या फ्राइज कशा करता? घरी केल्या तर मोडतात हो माझ्या. पाठवा ना लिहून."

पाठवलं. धुण्यापासून दुसऱ्या तळणीपर्यंत सगळं व्यवस्थित लिहिलं, अंशांसकट. फक्त व्हिनेगर लिहिलं नाही. बायको म्हणते, हे फार होतंय. होऊ दे.