मकाव : गाळावर वाढलेली भूमी

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, पर्ल नदीच्या रुंद मुखाच्या पश्चिम काठी मकाव वसले आहे. मूळचे हे एक लहानसे बेट होते. नदीने आणलेल्या वाळूची एक अरुंद पट्टी साचत गेली, बेट मुख्य भूमीला जोडले गेले आणि त्याचे द्वीपकल्प झाले. दक्षिणेस ताइपा आणि कोलोआन ही दोन बेटे. या तिन्हींचे एकत्रित क्षेत्रफळ १९१२ साली अवघे ११.६ चौरस किलोमीटर होते. आज ते सुमारे ३३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक मकाव माणसाने भर घालून समुद्राकडून मिळविले आहे.

पोर्तुगीज येथे १५५७ च्या सुमारास स्थिरावले. पुढे १८४४ पर्यंत या वसाहतीचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता, आणि गोवा, मलाक्का, मकाव, जपान हा जलमार्ग त्या काळी अत्यंत किफायतीचा होता. मुंबईचे व्यापारीही मागाहून येथे आले. गिआ टेकडीच्या उतारावरील १८२९ सालची पारशी दफनभूमी त्याची साक्ष देते. दमणमार्गे येणाऱ्या मालात माळव्याची अफू मोठ्या प्रमाणावर असे, हे लपविण्याचे कारण नाही. त्याच पिढीतील मुंबईच्या मोतीशा शेठांचाही चीनशी व्यापार होता. शत्रुंजयावर दरी बुजवून उभारलेली त्यांची टूक यात्रेकरूंच्या परिचयाची आहे. भर घालून जागा निर्माण करण्याची कल्पना त्या काळच्या व्यापाऱ्यांना नवखी नव्हती.

ज्या नदीने मकावला भूमी दिली, तिनेच त्याचे बंदर हिरावून घेतले. गाळामुळे पाणी उथळ होत गेले. मोठी जहाजे आत येईनाशी झाली. समोरच्या हाँगकाँगला खोल, सुरक्षित बंदर होते. १८४२ नंतर पेढ्या आणि गोदामे तिकडे सरकली. बंदर गेलेले गाव काय करणार? त्याने उथळ पाण्यात भराव घातला. प्राया ग्रांद ही एके काळी समुद्राला लागून असलेली रम्य वाट. १९९० च्या दशकात तिच्यापुढील उपसागर बांधाने बंदिस्त झाला आणि तेथे नाम व्हान व साय व्हान ही दोन तळी उरली. विमानतळासाठी जमिनीवर जागाच नव्हती, म्हणून १९९५ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाची धावपट्टी भर समुद्रात भराव टाकून बांधण्यात आली.

सर्वांत मोठा बदल ताइपा आणि कोलोआन यांच्यामध्ये घडला. या दोन बेटांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका बांधरस्त्याने जोडले होते. पुढे त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी बुजवून सुमारे सहा चौरस किलोमीटर जमीन तयार झाली. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून तिला ‘कोताय’ म्हणतात. तिच्यावर प्रचंड द्यूतगृहे उभी राहिली. सप्तव्यसनांत ज्याची गणना पहिली, त्याच्या करावर आज मकावच्या सरकारी तिजोरीचा मोठा भाग अवलंबून आहे.

भरावाच्या जमिनीचा स्वभाव मात्र पेठेतल्या दुकानदारांनाच कळतो. जुन्या अंतर्बंदराच्या काठची पेठ सखल आहे. ऑगस्ट २०१७ मधील हातो वादळात समुद्राचे पाणी त्या गल्ल्यांत शिरले, तळमजल्यांवरील माल बुडाला आणि मकावमध्ये दहा जणांचे प्राण गेले. तळघरात उतरलेल्यांपैकी काहींना बाहेर पडता आले नाही.

तरीही विस्तार थांबलेला नाही. सुमारे पावणेसात लाख लोकांना जागा हवी आहे. १९९९ मध्ये मकाव चीनकडे परतले, तेव्हा भोवतालच्या समुद्रावर त्याचा स्वतःचा अधिकार नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये चीन सरकारने ८५ चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र त्याच्या व्यवस्थेखाली दिले. त्याआधी, २००९ मध्ये, साडेतीन चौरस किलोमीटर नव्या भरावास संमती मिळाली होती. तिच्यासोबत एक अट होती : या जमिनीवर द्यूतगृह बांधायचे नाही. २०१८ मध्ये खुल्या झालेल्या हाँगकाँग–झुहाय–मकाव सेतूच्या टोकाजवळील त्या नव्या जमिनीवर आता सामान्य कुटुंबांसाठी सरकारी घरे उभी राहत आहेत.