जुम्म्याची गोळी

आमच्या हुपरीत घरोघरी चांदी असते, पण बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्याची. अम्मीने तीस वर्षे पैंजणाच्या कड्या जोडल्या. मग पहाटे तिची बोटे वळेनात. फजरच्या वजूला तांब्या धरवेना. आम्हाला वाटले, कामाचा शीण. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्याच सांध्यांवर उलटल्या होत्या.

मेथोट्रेक्झेटची गोळी आली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, म्हणून आम्ही जुम्मा ठरवला. बाकीचे दिवस फॉलिक आम्लाची गोळी. पहिला महिना काही फरक नाही. दोन महिन्यांनी मूठ वळू लागली, आणि अम्मी पुन्हा कड्या घेऊन बसली.

चूक आमचीच. दोन्ही गोळ्या पिवळ्या, लहान. आम्ही त्या एकाच डबीत ठेवल्या. अम्मी जुम्म्याची गोळी रोज घेत राहिली. आठवड्याभरात तोंड आले, पाणी गिळवेना, ताप चढला. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी १,८००. त्या ४,००० ते ११,००० असायला हव्यात. आठवड्याला एकदा घेतली तर ही गोळी त्या पेशींचा नुसता जोर उतरवते. रोज घेतली तर हाडांच्या मगजात नव्या पेशी तयारच होऊ देत नाही. जंतू आला तर अडवायला कोणी नाही. उतारा म्हणून फोलिनिक आम्लाची इंजेक्शने दिली. ते आठ दिवस आम्ही कसे काढले, अल्लाह जाणे.

इस्पितळातच डॉक्टरसाहेबांनी फॉलिक आम्लाची हकिकत सांगितली. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना रक्तक्षय का होतो, हे ती शोधत होती. त्यात गरीब मुसलमान बायका सर्वांत जास्त, कारण त्यांचे खाणे सर्वांत निकृष्ट. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होऊ लागल्या. अर्कातला तो गुण म्हणजे पुढे सापडलेले फॉलिक आम्ल. आणि मेथोट्रेक्झेट नेमके त्याचीच वाट अडवते. अम्मी ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आमच्यासारख्याच बाया."

आता डब्या दोन आहेत. जुम्म्याची डबी मोठ्या सुनेच्या कपाटात, कुलपात. ताप आला तर गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. गोळी पुन्हा सुरू करताना अम्मी घाबरली होती, आम्हीही. पण बोटे पुन्हा आखडू लागली होती.

ठरल्या दिवशी रक्त तपासायला जातो. रिपोर्ट हातात आला की चांदीचे वजन विचारावे तशी ती विचारते, "किती भरल्या?"