बाकांवरची धूळ

नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीत पाळक असताना माझ्या हातून एकापाठोपाठ दोन चुका झाल्या. त्याला बरीच वर्षं झाली, पण सल अजून गेलेला नाही.

त्या रविवारी चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशी उशिरा आल्या. माणसं जमू लागली होती, बाकांवर धूळ तशीच होती. बाहेरगावचे ज्येष्ठ पाळक पाहुणे म्हणून आले होते. मी दारातच, सगळ्यांदेखत मावशींना बोललो, "देवाच्या घराची एवढीही कदर नाही का तुम्हाला?" त्यांनी पदर खोचला, फडकं ओलं केलं आणि मुकाट्याने बाकं पुसायला घेतली.

मग मी योहानाच्या तेराव्या अध्यायावर संदेश दिला. प्रभूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तो अध्याय. दाखला दिला पंडिता रमाबाईंचा. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना आणून केडगावला आसरा दिला होता. पाहुण्यांनी संदेशाचं कौतुक केलं.

संध्याकाळी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांकडे गेलो. त्याच आठवड्यात मी तिथे पाच मिनिटं प्रार्थना करून, घड्याळ बघत उठलो होतो आणि भेटींच्या वहीत नोंद केली होती. वर्षाअखेरीस तो आकडा पंचांपुढे वाचायचा असे. आज खोलीत डेटॉलचा वास होता. सून म्हणाली, "रात्री यांना जुलाब झाले. घरात मी एकटीच. मावशी धावून आल्या. तीनदा अंग पुसलं, चादरी धुतल्या. सकाळी इथूनच थेट चर्चला गेल्या."

प्रार्थनेला हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटेना.

त्याच रात्री मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. "जाऊ द्या पाळकसाहेब," म्हणत त्यांनी चहा ठेवला. मी हलका होऊन परतलो. ही दुसरी चूक. बोललो होतो चारचौघांत आणि माफी मागितली दाराआड. हे माझ्या बायकोने मला स्पष्ट सांगितलं. तरी पाळकाचा मान जाईल या भीतीने मी दोन रविवार गप्प राहिलो. तिसऱ्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर मावशींची क्षमा मागितली.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्याच्या, अंगचे गुण सांगितले आहेत. त्यात शिकवण्याची हातोटी एकदाच येते. बाकी बहुतेक सगळं स्वभावाबद्दल आहे: सौम्यपणा, भांडखोर नसणं, पैशाचा लोभ नसणं, घर नीट चालवणं. मी मात्र त्या एका हातोटीवरच सगळी भिस्त ठेवली होती.

भेटींची वही मी बंद केली. आजाऱ्याकडे गेलो की आधी विचारतो, पाणी हवंय का, चादर बदलायची का. प्रार्थना त्यानंतर. आणि रविवारी अर्धा तास आधी जाऊन फडकं ओलं करतो.