माझा धाकटा भाऊ

मी चौथीत आहे, माझा भाऊ दुसरीत. तो बोलताना अडखळतो. "पा-पा-पाणी" म्हणतो. कविता म्हणताना मात्र अडखळत नाही. आजीने अक्कलकाढा उगाळून चाटवला, गुण आला नाही. मी त्याचा शब्द झटकन पुरा करायचो. मला वाटायचं, मदतच करतोय. पण तो बोलेनासाच झाला. नुसतं बोट दाखवायचा.

शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी आईला सांगितले, "त्याचे बोलणे मध्येच तोडू नका. तुम्हीही सावकाश बोला."

आता जेवताना आम्ही सगळे थांबतो. परवा त्याने आमच्या वासराची अख्खी गोष्ट सांगितली. भाकरी गार झाली, पण कुणी उठले नाही.

मित्रांनो, त्याला चिडवू नका. जरा थांबा. त्याला सगळं सांगता येतं.